हायस्पीड रोटर टेस्टचं शील्ड: प्लेट किती जाड, हा शेवटी विचारायचा प्रश्न

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजलो ते कळेल. ईव्हीसाठी अॅक्सियल फ्लक्स मोटर, म्हणजे चपट्या चकतीसारखा रोटर असलेली मोटर, बनवताय. रोटर म्हणजे 200 मि.मी. व्यासाची स्टीलची चकती, त्यावर चिकटवलेले मॅग्नेट, कडेनं काचतंतूची पट्टी, एकूण वजन 4 किलो. रेटेड वेग 15,000 आरपीएम. आयईसी 60034-1 या मोटरींच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे 1.2 पट वेगानं 2 मिनिटं चालवून बघायचंय, म्हणजे 18,000 आरपीएम. त्यात काही सुटून उडालं तर अडवायला शील्ड म्हणून 6 मि.मी. एम.एस. (साध्या स्टीलच्या) प्लेटची चौकोनी पेटी वेल्ड करून घेतलीय, वरून 10 मि.मी. पॉलीकार्बोनेटचं झाकण, चार कोपऱ्यांना एम8 बोल्ट. रिग वर्कशॉपच्या कोपऱ्यात टेबलावर आहे, शेजारच्या टेबलावर असेंब्ली चालते. आणि प्रश्न असा, की 6 मि.मी. पुरेल का 8 लावू?

सरळ उत्तर: दोन्ही पुरणार नाहीत, आणि 8 च्या जागी 12 लावली तरी ही पेटी मी वापरू देणार नाही. जाडी कमी आहे हे खरंच, पण त्याहून मोठी अडचण पेटीचा आकार, झाकण आणि जागा यांत आहे. मी बरीच वर्षं टर्बोचार्जर व्हील, इंपेलर आणि मोटर रोटर यांच्या स्पिन टेस्टचे रिग बनवतो आणि चालवतो. या कामात "प्लेट किती जाड" हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. त्याआधीचे प्रश्न असे: नेमकं काय सुटणार, ते कुठल्या दिशेनं जाणार, त्याची ऊर्जा कशात मुरणार, आणि हे सगळं चुकलं तर समोर कोण उभं असणार.

आधी ऊर्जा. चकती सगळीकडे सारखी धरली तर जडत्वाघूर्ण अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग, म्हणजे 0.02 किलो-मीटर वर्ग. 18,000 आरपीएम म्हणजे सेकंदाला 1,885 रेडियन. यातून ऊर्जा निघते सुमारे 35.5 किलोज्यूल. एक टनाची गाडी ताशी 30 किलोमीटरनं जाताना तिच्यात जवळपास एवढीच ऊर्जा असते. तुमच्या टेबलावर ती दोन तळहातांत मावेल अशा वस्तूत साठलेली आहे. कडेचा वेग आहे सेकंदाला 188 मीटर. तुमचे मॅग्नेट कडेकडे असल्यानं खरा आकडा याहून थोडा वरच असेल. आणि ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणून 15,000 ला जे शील्ड पुरेल ते 18,000 ला पुरेलच असं नाही. 20 टक्के वेग म्हणजे 44 टक्के जास्त ऊर्जा.

आता काय सुटणार. तुमच्या रोटरमध्ये मला तीन शक्यता दिसतात आणि तिन्हींसाठी शील्डचं काम वेगळं आहे.

पहिली आणि सगळ्यात संभाव्य शक्यता म्हणजे मॅग्नेट सुटणं. तुम्ही मॅग्नेटचं वजन दिलेलं नाही; 60 ग्रॅम आणि 80 मि.मी. त्रिज्या धरून बघू. 18,000 ला त्या एका मॅग्नेटवर बाहेरच्या दिशेनं साधारण 17,000 न्यूटन बल असतं, म्हणजे पावणेदोन टनांच्या आसपास. हे बल गोंद आणि ती काचतंतूची पट्टी दोघांनी मिळून पेलायचं आहे. सुटला तर तो सेकंदाला 150 मीटर वेगानं, 680 ज्यूल घेऊन जातो. 9 मि.मी. पिस्तुलाची गोळी साधारण 500 ज्यूलची असते. निओडिमियम मॅग्नेट ठिसूळ असल्यामुळे तो धडकल्यावर फुटतो आणि त्याचा बारीक चुरा ठिणग्या टाकत सगळीकडे जातो. हा चुरा पेट घेऊ शकतो, म्हणून पेटीत तेलाचे बोळे, थिनर, कापूस काहीही ठेवायचं नाही.

मॅग्नेट थांबवणं तुलनेनं सोपं आहे. खरा घोळ त्यानंतर होतो. एक मॅग्नेट गेला की त्याच 17,000 न्यूटनचा असमतोल शाफ्टवर गरगरायला लागतो. एक फेरी 3.3 मिलिसेकंदांत पूर्ण होते, म्हणजे ते बल सेकंदाला 300 वेळा दिशा बदलतंय. बेअरिंग हाउसिंगचे बोल्ट, कपलिंग, शाफ्टचा खांदा, यांपैकी जे कच्चं असेल ते तुटतं. तिथून दुसरी शक्यता सुरू होते: अख्खा रोटर शाफ्टसकट सुटून, फिरत फिरत, बाजूला किंवा वर निघतो. तुकडे त्रिज्येच्या दिशेनं जातात एवढंच गृहीत धरून बनवलेली शील्ड इथे फसतात, कारण सुटा रोटर झाकणाकडेही जातो.

तिसरी शक्यता म्हणजे चकतीच फुटणं. तुमच्या चकतीत हे व्हायला नको. सलग स्टीलच्या चकतीत या वेगाला मध्यभागी 115 मेगापास्कलच्या आसपास स्ट्रेस येतो. पण मध्ये शाफ्टसाठी भोक आहे, आणि भोक आलं की त्याच्या काठावरचा स्ट्रेस ढोबळमानानं दुप्पट होतो. त्यात की-वेचा (शाफ्टची चावी बसायच्या खाचेचा) धारदार कोपरा असेल, किंवा मॅग्नेट बसवण्यासाठी खाचा पाडलेल्या असतील, तर आणखी वर जातो. मटेरियल चांगलं असेल तर तरीही सुरक्षित. तडा असेल तर नाही.

शील्ड कुठल्या शक्यतेसाठी बनवायचं, हा निर्णय परिस्थितीवर अवलंबून असतो. विमानाच्या इंजिनाचं उदाहरण बघा. अमेरिकेच्या विमान नियमांत इंजिनाच्या केसिंगनं सुटलेलं पातं आत अडवलंच पाहिजे अशी अट आहे आणि ती प्रत्यक्ष चाचणीनं सिद्ध करावी लागते. फुटलेली डिस्क मात्र केसिंगनं अडवावी अशी अपेक्षाच नाही, कारण तेवढं जाड केसिंग घेऊन विमान उडणार नाही. 19 जुलै 1989 ला युनायटेडच्या 232 क्रमांकाच्या डीसी-10 विमानात शेपटीतल्या इंजिनाची फॅन डिस्क फुटली, तिच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या आणि सू सिटीला उतरताना झालेल्या अपघातात 296 पैकी 112 माणसं गेली. तिथे वजनाची मर्यादा होती. आपल्याला जमिनीवर तशी काहीच मर्यादा नाही. त्यामुळे माझं मत ठाम आहे: टेस्ट रिगचं शील्ड पूर्ण चकती फुटण्यासाठीच बनवा. "आमच्याकडे फार तर मॅग्नेट सुटेल" हे गृहीतक ज्या रोटरची अजून परीक्षाच झालेली नाही त्याला लावता येत नाही. परीक्षा त्यासाठीच तर घेताय.

मग चकती फुटली तर किती तुकडे? इथे एक गोष्ट आहे जी नवीन लोकांना उलटी वाटते. सलग चकतीचे दोन सारखे तुकडे झाले तर एकूण ऊर्जेच्या 36 टक्के सरळ पुढे जाण्यात येते, बाकी तुकड्यांच्या स्वतःभोवती फिरण्यात राहते. तीन झाले तर 61 टक्के, चार झाले तर 72 टक्के. आता एका तुकड्याच्या वाट्याला काय येतं ते बघा: दोनमध्ये 18 टक्के, तीनमध्ये 20, चारमध्ये पुन्हा 18. म्हणजे एकेका तुकड्याचा मार सगळ्यात जास्त तीन तुकड्यांत असतो. शील्डला भोक पाडायचं काम एकेक तुकडा करतो, म्हणून या क्षेत्रात 120 अंशांच्या तीन तुकड्यांवर हिशेब करायची पद्धत आहे. तुमच्यासाठी तो तुकडा 1.33 किलोचा, सेकंदाला 104 मीटर वेगाचा, 7.2 किलोज्यूलचा.

आता कुठे जाडीची वेळ आली. पोलादी प्लेटला कठीण वस्तू भेदून जाईल का, हे बघायला बीआरएल (अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीचं) सूत्र वापरतात. अणुवीज केंद्रांत उडत्या तुकड्यांपासून संरक्षणाचा हिशेबही याच घराण्यातल्या सूत्रांनी होतो. त्यात जाडी ऊर्जेच्या दोन-तृतीयांश घाताच्या प्रमाणात आणि धडकणाऱ्या भागाच्या व्यासाच्या व्यस्त प्रमाणात येते. ही दुसरी अट नीट बघा. तुमची चकती सुमारे 16 मि.मी. जाड आहे. तुकडा कडेनं पसरून आपटला, समजा 16 गुणिले 60 मि.मी.च्या पट्ट्यावर, तर भेदायची जाडी सव्वाआठ मि.मी.च्या आसपास येते. तोच तुकडा, तोच वेग, पण कोपऱ्यानं आपटला, 16 गुणिले 16 च्या जागेवर, तर 16 मि.मी. येते. वर 25 टक्के मार्जिन घ्यायची रीत आहे, ते धरून अनुक्रमे साडेदहा आणि 20 मि.मी. तुकडा कसा आपटेल हे आपल्या हातात नाही, म्हणून 20 मि.मी. धरायची. 6 आणि 8 मधला फरक का महत्त्वाचा नाही ते यावरून कळेल.

रोटर फुटलेल्या टेस्टनंतर शील्डची गोल रिंग (ती का, ते पुढे येतं) उघडून आतून बघितली तर हा फरक डोळ्यांना दिसतो. जिथे तुकडा पसरून बसला तिथे रुंद, उथळ खळगा असतो आणि बाहेरून हलका फुगवटा. जिथे कोपरा लागला तिथे चौकोनी, स्वच्छ काप असतो, काठाला निळसर छटा, आणि त्या कापापासून पुढे वळणानं जाणारा घासल्याचा पट्टा. तो पट्टा तुकड्याच्या फिरण्याचा आहे. भेदायला न लागलेली 39 टक्के ऊर्जा तिथे मुरलेली असते.

एवढ्यावर काम संपत नाही. भोक पडलं नाही, पण रिंगच ताणून फाटली तर? हा दुसरा हिशेब आहे आणि याच कारणानं मी चौकोनी पेटी नको म्हणतो. सपाट प्लेटवर मार बसला की ती वाकते आणि सगळा ओढा कोपऱ्यातल्या वेल्डवर जातो. वेल्ड ही पेटीची सगळ्यात कमी ताणली जाणारी जागा. गोल रिंग मात्र सगळ्या परिघावर ताण घेते आणि ताणली जाताना ऊर्जा खाते. 14 इंची सीमलेस (बिनसांध्याच्या) पाइपचा शेड्यूल 100 चा (शेड्यूल म्हणजे भिंतीच्या जाडीचा वर्ग) तुकडा घेतला तर भिंत 23.8 मि.मी. आणि आतला व्यास साधारण 308 मि.मी. मिळतो. ए106 ग्रेड बी या साध्या कार्बन स्टीलसारख्या पाइपला ताणताना सरासरी 330 मेगापास्कल धरा, आणि तुकड्यांच्या समोरची फक्त 80 मि.मी. उंची कामाला येते असं धरा. तिन्ही तुकड्यांची मिळून 21.6 किलोज्यूल सरळ ऊर्जा मुरवायला सरासरी साडेतीन टक्क्यांहून कमी स्ट्रेन, म्हणजे लांबीतली वाढ, पुरतो. प्रत्यक्षात स्ट्रेन सारखा पसरत नाही, तीन जागी जमा होतो, म्हणून सरासरी आकडा मी चार-पाच टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही. इथे तो बसतो.

मटेरियलबद्दल एक आग्रह. इथे कठीणपणा नको, न तुटता ताणलं जाण्याचा गुण हवा. कोणीतरी तुम्हाला झिजायला टिकणारी कठीण प्लेट सुचवेल, कोणी हार्डनिंग केलेलं एन24 हे मिश्र पोलाद सुचवेल. मी साधं स्टील पसंत करतो. आयएस 2062 च्या ई250 ला तुटण्यापूर्वी किमान 23 टक्के लांबण्याची हमी असते, एसएस 304 ला 40 टक्के. हीच लांबण्याची क्षमता ऊर्जा खाते. बीडाचा पाइप, जुना सीआयचा ड्रम असलं काही भंगारातून आणून लावू नका. बीड ताणलं जात नाही, फुटतं, आणि मग शील्डचेच तुकडे उडतात. प्लेट रोल करून रिंग बनवायची असेल तर उभा सांधा पूर्ण पेनिट्रेशनचा असावा आणि त्याची रेडिओग्राफी किंवा अल्ट्रासॉनिक व्हावी. सीमलेस मिळत असताना त्या भानगडीत मी तरी पडत नाही.

रिंग आणि रोटर यांच्यात किती फट ठेवायची यावर एकमत मिळणार नाही, आणि ते खरंच रोटरवर अवलंबून आहे. फार कमी ठेवली तर सुटलेला पहिला तुकडा रोटरच्या उरलेल्या भागाशी अडकतो आणि मार एकाच जागी एकवटतो. फार जास्त ठेवली तर तुकड्याला वळून कोपऱ्यानं आपटायला वाव मिळतो. तुमच्या आकाराला वर सांगितलेल्या पाइपमधून मिळणारी 50-55 मि.मी. चालेल.

आता ती उरलेली फिरण्याची ऊर्जा. फुटलेले तुकडे रिंगला आतून घासत तिला आपल्याबरोबर फिरवायला बघतात. तुमच्या रोटरचा कोनीय संवेग साधारण 38 न्यूटन-मीटर-सेकंद आहे. तो 5 मिलिसेकंदांत थांबला तर साडेसात हजार न्यूटन-मीटरचा टॉर्क येतो, आणि ही वेळ निम्मी झाली की टॉर्क दुप्पट. रिंग बेसला घट्ट बोल्ट केली असेल तर हा सगळा टॉर्क त्या बोल्टांवर, तिथून टेबलावर, टेबलासकट रिग फिरवायला. म्हणून आतली रिंग मोकळी ठेवायची. खाली-वरच्या प्लेटला उथळ खाच पाडायची, रिंग तिच्यात नुसती बसवायची, वर मिलिमीटरभर फट ठेवायची. मार बसला की ती घसरते, फिरते, आणि घर्षणात ऊर्जा जिरते. तिच्याबाहेर दुसरी, 10-12 मि.मी.ची, बेसला बांधलेली रिंग. आतली रिंग हा खर्चाचा माल समजा. एकदा मोठा मार खाल्ला की बदलायची, "अजून चांगली दिसतेय" म्हणून पुन्हा वापरायची नाही. ताणलेल्या स्टीलमध्ये आधीची लांबण्याची क्षमता उरलेली नसते.

झाकणं म्हणजे दोन्ही टोकांच्या प्लेट. मला दाखवलेल्या घरगुती रिगमध्ये सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच असतो. वर सांगितल्याप्रमाणे सुटा रोटर तिकडेच जातो, आणि रिंगला लागून वळलेले तुकडेही. मी टोकाच्या प्लेट किमान 16 मि.मी. ठेवतो आणि त्या रिंगच्या बाहेरून जाणाऱ्या लांब टाय रॉडनी एकमेकींना बांधतो. आखूड बोल्ट नको, लांब रॉड हवेत, याचं कारण पुन्हा तेच: रॉड जितका लांब तितकं ताणलं जाणारं स्टील जास्त, तितकी ऊर्जा जास्त खाल्ली जाते. तुमचा एम8 बोल्ट पॉलीकार्बोनेटच्या भोकातून सरळ 6 मि.मी. प्लेटच्या आट्यांत गेलेला आहे. ताणायला त्याच्याकडे जेमतेम सेंटिमीटरभर लांबी आहे. शाफ्ट जिथून आत येतो ते भोक शाफ्टपेक्षा फार मोठं नसावं आणि त्याच्यासमोर एक आडवी प्लेट असावी, म्हणजे आतून बाहेर सरळ रेषेत काहीच दिसणार नाही. जिथून उजेड बाहेर येतो तिथून तुकडाही येतो, असं धरून अंधारात आत टॉर्च लावून एकदा बाहेरून तपासा.

पॉलीकार्बोनेटबद्दल. ते वाईट नाही. सीएनसी लेथच्या खिडक्या त्याच्याच असतात आणि त्यांच्यावर चौकोनी नाकाचे पोलादी तुकडे वायूच्या तोफेनं मारून परीक्षा घेण्याची पद्धत मानकांत दिलेली आहे. पण ते 7 किलोज्यूलसाठी नाही, आणि वय झालं की त्याची ताकद जाते. कूलंट, थिनर, ब्रेक क्लीनर यांनी ते हळूहळू कमजोर होतं. बोल्टला लावायचं थ्रेडलॉकरसुद्धा पॉलीकार्बोनेटला लागलं की भोकाच्या भोवती केसासारख्या बारीक भेगा येतात; तिरप्या उजेडात बघितलं तर दिसतात. तुमच्या झाकणाची चारही भोकं आत्ताच अशी बघा. अॅक्रिलिकचं तर नावच नको, त्याच्या सुऱ्यांसारख्या फाका होतात. माझ्या रिगला खिडकी नसतेच. आतलं बघायचं असेल तर टोकाच्या प्लेटला कोनात छोटं भोक, बाहेर आरसा, आणि आरशाकडे बघणारा साधा सीसीटीव्ही कॅमेरा. कॅमेरा फुटला तर नवा येतो.

जागा. तुमचा शाफ्ट आडवा आहे असं फोटोवरून वाटतं. म्हणजे फिरण्याचं प्रतल उभं आहे: वर छत, खाली फरशी, आणि दोन बाजू. त्या प्रतलात कोणीही, कधीही असता कामा नये. सध्या असेंब्लीचं टेबल बरोबर त्याच रेषेत आहे. वर पत्रा असेल तर तो संरक्षण नाही, वर मजला असेल तर वरच्या माणसांचाही विचार करायचा. शाफ्ट उभा केला तर प्रतल आडवं होतं, माणसाच्या कमरेच्या उंचीवर सगळीकडे. म्हणून उभ्या शाफ्टचे व्यावसायिक स्पिन पिट, म्हणजे रोटर फिरवून तपासायचे बंदिस्त कक्ष, जमिनीच्या पातळीखाली खड्ड्यात असतात. तुमच्याकडे खड्डा शक्य नसेल तर आडवाच ठेवा, वेगळ्या खोलीत न्या, आणि शील्डभोवती कोरड्या वाळूच्या गोण्या रचा. वाळू शील्डची जागा घेत नाही, पण शील्डमधून निसटलेलं शेवटचं काही असेल ते तिथे मरतं. वीटकामाच्या भिंतीवर भरवसा ठेवू नका. मार एका बाजूला बसतो आणि विटांचे तुकडे दुसऱ्या बाजूनं सुटतात. कंट्रोल पॅनल बाहेर, शाफ्टच्या रेषेतही नाही आणि फिरण्याच्या प्रतलातही नाही.

इथवरचं थोडक्यात: तीन तुकड्यांवर हिशेब, 20 मि.मी. हून जाड आणि मोकळी गोल रिंग, बाहेर दुसरी बांधलेली रिंग, लांब टाय रॉडनी बांधलेली जाड टोकं, खिडकी नाही, आणि माणूस दुसऱ्या खोलीत. याचा खर्च तुमच्या सध्याच्या पेटीच्या बराच वर जाईल हे मला कळतं. एक-दोनच प्रोटोटाइप तपासायचे असतील तर रिग बनवण्यापेक्षा स्पिन पिट असलेल्या ठिकाणी टेस्ट करून घेणं स्वस्त पडेल. रोटर मुद्दाम फुटेपर्यंत फिरवायचा असेल तर तोच एक रस्ता आहे. तो प्रयोग घरी करू नका. पण पुढे प्रत्येक रोटर 120 टक्क्यांवर तपासून पाठवायचा विचार असेल तर स्वतःचा रिग लागेलच.

शील्डपर्यंत वेळच येऊ नये यासाठीही चार गोष्टी आहेत. चकतीच्या भोकाची आणि खाचांची डाय पेनेट्रंट किंवा मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी (बारीक तडे शोधणारी) मॅग्नेट चिकटवण्याआधी करा; नंतर ती नीट होत नाही. बॅलन्सिंग जी2.5 या दर्जाला. टेस्टच्या आधी आणि नंतर भोकाचा व्यास बोअर गेजनं आणि बाहेरचा व्यास मायक्रोमीटरनं, ठरलेल्या त्याच जागांवर खुणा करून मोजा. रोटर "न फुटता" परत आला पण भोक 20 मायक्रॉननं वाढलेलं असेल तर तो पास झालेला नाही. काचतंतूच्या पट्टीवर पांढुरकी रेघ दिसली तरीही नाही. आणि तापमान विसरू नका. गोंदाची ताकद थंड खोलीत एक असते आणि मोटर तापल्यावर दुसरी. थंड रोटर 18,000 ला टिकला यावरून गरम रोटर 15,000 ला टिकेल हे सिद्ध होत नाही. शक्य असेल तर रोटर आधी तापवून टेस्ट करा.

ड्राइव्हचं तेवढं एक सांगतो. वेग मोजायला ड्राइव्हचा एनकोडर आणि वेग मर्यादेत ठेवायलाही तोच, असं ठेवू नका. एनकोडरचं कपलिंग सुटलं तर ड्राइव्हला वाटतं वेग कमी आहे आणि तो आणखी जोर लावतो. रोटरच्या शाफ्टवर स्वतंत्र प्रॉक्सिमिटी सेन्सर, त्याचा स्वतंत्र ओव्हरस्पीड रिले, आणि तो रिले ड्राइव्हची पॉवर सरळ तोडणारा. ट्रिप 18,000 च्या किंचित वर लावा. कंपनाचीही ट्रिप हवी, आणि ती ठरावीक आकड्यापेक्षा अचानक बदलावर लावलेली जास्त उपयोगी. वेग स्थिर असताना कंपन एकदम उडी मारतं तेव्हा काहीतरी हललेलं असतं. झाकणाला कुलूप असं असावं की रोटर पूर्ण थांबल्याशिवाय उघडणार नाही. पॉवर गेली म्हणजे रोटर थांबला असं नसतं. 1948 च्या कारखाने कायद्यातही फ्लायव्हील, चकत्या अशा फिरत्या भागांचा सुरक्षित परिघवेग ओलांडला जाऊ नये यासाठी उपाय करण्याची जबाबदारी स्पष्ट लिहिलेली होती. तुमच्या रिगवर तो वेग लिहिलेली पाटी लावा.

पहिल्या दिवशी थेट 18,000 ला जाऊ नका. 3,000 च्या टप्प्यांनी चढा, प्रत्येक टप्प्यावर कंपन आणि बेअरिंगचं तापमान लिहा, 15,000 नंतर टप्पे 1,000 चे करा, आणि दोन मिनिटं झाली की हळूहळू उतरवा. दर वेळी उघडून बघा.

मला मॅग्नेटचं वजन आणि त्रिज्या, गोंदाचा ग्रेड, पट्टीची जाडी, चकतीचं मटेरियल, आणि भोक-शाफ्टचा फिट कळवा. रिंगचा हिशेब तुमच्या आकड्यांवर पुन्हा करून देतो. तोवर काही फिरवून बघायचंच असेल तर सध्याच्या पेटीत 3,000 आरपीएमच्या वर जाऊ नका. तिथे एकूण ऊर्जा एक किलोज्यूलच्या आसपास असते आणि 6 मि.मी. प्लेटला ती झेपते. पॉलीकार्बोनेटचं झाकण मात्र त्याआधी काढून स्टीलचं लावा, आणि ते असेंब्लीचं टेबल आजच हलवा.